वाघ मोजून झाले, आता वाटा मोजा

व्याघ्रगणनेचा आकडा जाहीर झाला की आपल्याकडे बोर्डाचा निकाल लागल्यासारखे वातावरण होते. 2006 साली देशात 1411 वाघ होते, 2022च्या गणनेत सरासरी 3682 निघाले. महाराष्ट्रात तेव्हा 103 होते, आता 444 आहेत. मंत्री पत्रकार परिषद घेतात, वर्तमानपत्रे पहिल्या पानावर वाघाचा फोटो छापतात, ताडोबातल्या जिप्सींचे बुकिंग आणखी महाग होते. या आनंदाबद्दल माझी तक्रार नाही. शिकार, विष आणि जंगलतोड या तिन्हींतून वाघ तगला, ही साधी गोष्ट नाही. त्यामागे वनरक्षकांची पायपीट आहे आणि जंगलाकाठच्या गावांनी सोसलेले नुकसानही आहे.

तरीही या आकड्यात एक गोष्ट लपून राहते. हे सगळे वाघ एका जंगलात राहत नाहीत. ते पन्नासहून अधिक व्याघ्र प्रकल्पांत आणि त्यांच्या भोवतालच्या जंगलांत विखुरलेले आहेत. कुठे शंभर, कुठे वीस, कुठे पाच. या वीस आणि पाचांना बाकीच्यांपर्यंत पोहोचता येते का, हा प्रश्न कोणत्याही पत्रकार परिषदेत विचारला जात नाही. माझ्या मते पुढच्या पन्नास वर्षांत वाघाचे काय होणार, हे एकूण आकड्यापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावर जास्त अवलंबून आहे.

घरातल्या घरात

आंतरप्रजनन हा शब्द पुस्तकी वाटतो, पण विषय आपल्या घरातला आहे. मुसलमानांत चुलत, मावस, आते आणि मामे भावंडांत लग्ने होतात. महाराष्ट्रातल्या अनेक हिंदू जातींतही मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे. त्यामुळे या बाबतीत कोणी कोणाकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. डॉक्टर याबद्दल जे सांगतात ते सोपे आहे. प्रत्येकाच्या शरीरात काही सदोष जनुके झोपलेली असतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम सांभाळून नेते. आईवडील जवळच्या नात्यातले असतील, तर तीच बिघडलेली प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. थॅलेसेमियासारखे आजार असे वर येतात. एखाद्या लग्नाने फारसे बिघडत नाही. पिढ्यान् पिढ्या त्याच घरात सोयरीक होत राहिली की हिशेब वाढत जातो.

माणसाला निदान निवड करता येते. लहान जंगलात अडकलेल्या वाघाला ती नसते. समोर जी वाघीण आहे ती बहीण असो की मुलगी, दुसरी नाहीच.

याचे गणितही आहे. दरवर्षी खरोखर प्रजनन करणारे प्राणी दहाच असतील, तर प्रत्येक पिढीत त्या समूहाच्या जनुकीय विविधतेतला साधारण पाच टक्के भाग कायमचा जातो. दहा पिढ्यांत जवळजवळ चाळीस टक्के. प्रजनन करणारे पन्नास असतील तर हाच तोटा पिढीमागे एक टक्क्यावर येतो. इथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. जंगलात तीस वाघ आहेत म्हणजे तीस जण प्रजनन करतात असे नाही. दोन-तीन बलदंड नर बहुतेक पिल्लांचे बाप असतात, बाकीचे नर कडेकडेने फिरत असतात. त्यामुळे कागदावरचे तीस प्रत्यक्षात बारा-पंधराच ठरतात.

विविधता जाते म्हणजे काय होते? पिल्ले कमी जगतात, नरांची प्रजननक्षमता घटते, आणि एखादी साथ आली तर सगळेच तिला सारखे बळी पडतात, कारण सगळ्यांच्या शरीराची बचाव यंत्रणा एकाच साच्यातली असते.

दिलासा देणारी गोष्टही याच गणितात आहे. बाहेरून पिढीमागे एक-दोन वाघ आले आणि त्यांची पिल्ले झाली, तरी हा ऱ्हास बराचसा थांबतो. मोठी फौज लागत नाही, पिढीमागे एखादा जावई पुरतो. निसर्गाने तशी सोयही केलेली आहे. वाघाच्या कुळात मुली बहुधा आईच्या शेजारी आपला इलाखा मांडतात आणि मुलगे दूर निघून जातात. वयात आलेला नर दोन वर्षांचा झाला की आईच्या जंगलातून बाहेर पडतो आणि चालत राहतो. त्याला फक्त वाट लागते.

काळे वाघ आणि तिकीट

वाट बंद झाली की काय होते, याचे आपल्या देशातले ठळक उदाहरण ओडिशातल्या सिमलीपालचे आहे. तिथले वाघ काळे दिसतात. म्हणजे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात की पिवळा रंग फटीतून डोकावल्यासारखा वाटतो. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि विनय सागर यांच्या चमूने 2021 मध्ये याचे कारण शोधले. टॅक्पेप नावाच्या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलामुळे हे घडते, आणि दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच वाघ काळा होतो. सिमलीपालमध्ये सुमारे 37 टक्के वाघ असे होते. देशातल्या इतर जंगलांतल्या शेकडो वाघांचे नमुने तपासले, तर तिथे हा बदल सापडलाच नाही. नंदनकाननच्या प्राणिसंग्रहालयातले काळे वाघही सिमलीपालशीच रक्ताने जोडलेले निघाले.

असा दुर्मीळ बदल एका जंगलात एवढा वाढला, कारण ते जंगल इतरांपासून तुटलेले आहे. थोड्या पूर्वजांची संतती आपापसात वाढत गेली आणि योगायोगाने हे जनुक पसरत गेले. काळा रंग स्वतः वाघाला मारत नाही. दाट, अंधाऱ्या जंगलात कदाचित त्याचा फायदाही होत असेल, ही शक्यता शास्त्रज्ञांनीही मोकळी ठेवली आहे. पण जे डोळ्यांना दिसते आहे, त्याच्यासोबत न दिसणारी किती सदोष जनुके त्याच वाटेने पसरली असतील, ही खरी काळजी आहे. तापात अंगावर पुरळ उठले तर आपण पुरळाच्या नक्षीचे कौतुक करत नाही, ताप कशाचा आहे ते पाहतो. ओडिशा सरकारने 2024च्या जानेवारीत काय जाहीर केले? बारीपदाजवळ काळ्या वाघांची जगातली पहिली सफारी. धोक्याच्या खुणेवर तिकीट लावायचे, ही आपल्या पर्यटन धोरणाची तऱ्हा.

त्याच वर्षी ओडिशाने शहाणपणाचे पाऊलही उचलले, हे सांगायला हवे. सिमलीपालच्या रक्तात नवी भर पडावी म्हणून ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी तिकडे नेल्या. चंद्रपूरच्या लेकी ओडिशात गेल्या. पण झीनत सासरी रमली नाही. पिंजऱ्यातून जंगलात सोडल्यावर काही दिवसांतच ती झारखंडमध्ये गेली, तिथून पश्चिम बंगालमध्ये पुरुलिया आणि मग बांकुडा. तीन राज्यांची वनखाती तिच्यामागे धावली. शेवटी 29 डिसेंबर 2024 रोजी तिला बेशुद्ध करून पकडले आणि परत सिमलीपालला पाठवले. बंगाल आणि ओडिशा यांच्यात शाब्दिक चकमक झडली. ही वाघीण आमच्याकडे आलीच कशी, असा सूर होता.

मला या प्रकरणात झीनतने सांगितलेली गोष्ट महत्त्वाची वाटते. वाघाला ट्रकमध्ये घालून कुठेही उतरवता येते, पण तो तिथे राहील की नाही हे तो ठरवतो. पन्नामध्ये हेच झाले होते. 2009 साली तिथला शेवटचा वाघ संपल्यावर बांधवगड आणि कान्ह्यातून वाघिणी आणि पेंचमधून एक नर आणला. तो नर सोडल्यावर थेट पेंचच्या दिशेने चालू लागला. हत्ती आणि माणसांचा ताफा महिनाभर त्याच्या मागावर होता, तेव्हा कुठे तो परत आला. पुढे पन्ना भरले, कारण माणसांनी हट्ट सोडला नाही आणि आणलेले वाघ वेगवेगळ्या जंगलांतले होते. सरिस्काचे उलट झाले. तिथे 2008 पासून आणलेले पहिले वाघ सगळे रणथंबोरचे, आणि आपसात जवळच्या नात्यातले. रणथंबोर स्वतःच तुटलेले जंगल आहे. तिथल्या वाघांच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास झाला तेव्हा देशातल्या इतर वाघांपेक्षा त्यांच्यात आंतरप्रजननाच्या खुणा जास्त आढळल्या. तहानलेल्या घराने तहानलेल्या शेजाऱ्याला पाणी द्यावे, तसा हा प्रकार होता.

शुद्ध रक्ताचे खूळ

तुटलेल्या जंगलाचा प्रश्न कळूनही उपाय का होत नाही, याचे उत्तर गीरमध्ये मिळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आशियाई सिंह संपत आला होता. जुनागढच्या नवाबांनी शिकारीला आवर घातला म्हणून काही मोजके उरले. आजचा प्रत्येक आशियाई सिंह त्या मोजक्यांचा वंशज आहे. 2025च्या गणनेत सिंह 891 झाले, हे कौतुकाचेच आहे. पण त्यांची जनुकीय विविधता फार कमी आहे आणि सगळे एकाच राज्यात, सौराष्ट्रात आहेत. 2018 साली कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूने काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा एकाच टोपलीतल्या अंड्यांचा धोका सगळ्यांना दिसला.

तो धोका ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2013 रोजी काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोत नेण्याचा आदेश दिला होता. मुदत सहा महिन्यांची होती. गुजरातची भूमिका अशी की सिंह आमच्या कुटुंबातले आहेत, ते आमची अस्मिता आहेत. आजवर एकही सिंह कुनोत गेलेला नाही. त्याच कुनोत 2022 साली आफ्रिकेतून चित्ते मात्र आले. गुजरात आता बरडा अभयारण्याकडे बोट दाखवते. तिथे सिंह स्वतःहून पोहोचले, ही चांगली गोष्ट आहे, पण गीरहून बरडा फार लांब नाही आणि साथीला एवढे अंतर काही जड नाही.

सिंहांच्या बाबतीत आपले कोर्ट आणि आपले राजकारण कशात गुंतले होते तेही आठवून पाहा. 2024 साली सिलीगुडीच्या सफारीत अकबर नावाचा सिंह आणि सीता नावाची सिंहीण एकत्र ठेवली म्हणून विश्व हिंदू परिषद कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. त्रिपुरातून आलेल्या त्या जोडीला धर्म कोणता, हे त्यांना विचारण्याची सोय नव्हती. नावावरून भावना दुखावल्या. अकरा वर्षे धूळ खात पडलेल्या आदेशावरून मात्र कोणाच्या भावना दुखावल्याचे ऐकिवात नाही.

मी मुसलमान आहे म्हणून हे टोचते, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. शुद्ध रक्त, आमचे आणि बाहेरचे, मिसळण म्हणजे बाटणे, ही भाषा मी माणसांच्या संदर्भात रोज ऐकतो, आणि ती सगळ्या समाजांत आहे. माझ्याही समाजात खानदान आणि हड्डी पाहून मुली देणारे आणि नाकारणारे कमी नाहीत. प्राण्यांवरून माणसांचे धडे काढू नयेत, हे मला मान्य आहे. जातीपाती आणि धर्मभेद चूक आहेत ते माणुसकीच्या कारणाने, वाघाच्या जनुकाच्या आधाराची त्याला गरज नाही. पण जे लोक रक्ताच्या शुद्धतेला निसर्गाचा दाखला देतात, त्यांनी निदान निसर्ग नीट पाहावा.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात प्यूमाची एक वेगळी उपजात मानली जायची, फ्लोरिडा पँथर. नव्वदच्या दशकात ते वीस-तीसच उरले. शेपटीला पीळ पडलेला, हृदयाला छिद्र, नरांचे वृषण न उतरलेले. बाहेरचे प्यूमा आणले तर उपजात शुद्ध राहणार नाही, असा आक्षेप तिथेही घेतला गेला. अखेर 1995 मध्ये टेक्ससमधून आठ माद्या आणून सोडल्या. पुढच्या काही वर्षांत संख्या तिपटीवर गेली, दोष कमी झाले, पिल्ले जास्त जगू लागली. शुद्धतेचा आग्रह धरला असता तर आज शुद्ध फ्लोरिडा पँथर फक्त संग्रहालयात पेंढा भरलेला पाहायला मिळाला असता.

विदर्भाची श्रीमंती

हे सगळे वाचून वाटेल की आपण महाराष्ट्रात सुखी आहोत. काही अंशी ते खरे आहे. मध्य भारताची सगळ्यात मोठी श्रीमंती ताडोबातल्या वाघांच्या संख्येपेक्षाही ताडोबा, नागझिरा, पेंच, कान्हा, मेळघाट आणि सातपुडा अजून एकमेकांशी पुरते तुटलेले नाहीत, ही आहे. वाघाच्या विष्ठेतून डीएनए काढून गेल्या पंधरा वर्षांत अनेक अभ्यास झाले. या जंगलांमधून आजही जनुकांची देवाणघेवाण चालते, असे त्यांतून दिसले. मधे शेती असली म्हणून वाघ थांबतोच असे नाही, रात्रीच्या अंधारात तो कपाशी-तुरीतून निघून जातो. दाट वस्ती आणि सतत वाहता महामार्ग त्याला अडवतात. प्राची थत्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये पुढच्या शंभर वर्षांचा अंदाज मांडला. रस्ते आणि वस्त्या आहे त्याच बेफिकिरीने वाढत गेल्या, तर लहान आणि एकाकी अभयारण्यांतून वाघ नाहीसे होण्याची शक्यता मोठी आहे, असा तो इशारा आहे.

या देवाणघेवाणीची जिवंत उदाहरणे विदर्भातल्या माणसाला पाठ आहेत. 2013 साली नागझिऱ्याचा एक तरुण नर चालत उमरेड-कऱ्हांडल्याला आला. तोच पुढे 'जय' म्हणून गाजला. वाघांची फारशी वस्ती नसलेले ते छोटे अभयारण्य त्याच्या संततीने गजबजले. एक वाघ पोहोचला तर काय होते, त्याचा हा पुरावा. 2016 साली तो बेपत्ता झाला. त्याचा छावा मानला जाणारा श्रीनिवास 2017 मध्ये नागभीडकडे शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने मेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बोरचा बाजीराव नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाखाली आला. 2018च्या नोव्हेंबरात चंद्रपूर-गोंदिया रेल्वेमार्गावर तीन बछडे एकाच वेळी गेले.

आणि 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून एक तरुण नर निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याचा प्रत्येक मुक्काम कळत गेला. विदर्भ, तेलंगणा, मराठवाडा असे करत तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एकूण चाल सुमारे तीन हजार किलोमीटर. लोकांनी त्याला 'वॉकर' नाव दिले आणि कौतुकाचा वर्षाव केला. मला त्या कौतुकात एक विसंगती दिसते. टिपेश्वर अवघे दीडशे चौरस किलोमीटर आहे, ते भरले म्हणून तो निघाला. तीन हजार किलोमीटर चालून जिथे थांबला, तिथे एकही वाघीण नव्हती. जनुकांच्या भाषेत त्याचा प्रवास निष्फळ ठरला. वाघ चालायला तयार आहे, वाट शोधायची त्याची जिद्द आपल्या कल्पनेपेक्षा मोठी आहे. वाट कुठे जाते, हे ठरवणे मात्र आपल्या हातात आहे.

ते ठरवता येते, याचाही पुरावा आपल्याकडे आहे. पेंचमधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 चौपदरी होणार होता तेव्हा वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले. रस्ता थांबला तर विकास अडतो, असे ओरडणारे तेव्हाही होते. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यप्राण्यांसाठी नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट ठेवली. त्यातली सर्वांत लांब 750 मीटरची आहे. 2019 साली तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत अठरा जातींचे वन्यप्राणी आले, त्यांत अकरा वेगवेगळे वाघ होते. रस्ताही झाला, वाटही राहिली. हे आपोआप झाले नाही, भांडून झाले. म्हणून दुसऱ्या प्रत्येक रस्त्यासाठी, कालव्यासाठी, रेल्वेच्या दुहेरीकरणासाठी पुन्हा नव्याने भांडावे लागू नये, तो नियमच असावा, एवढी मागणी अवास्तव नाही.

वाटेवरची माणसे

आता खऱ्या अडचणीकडे येतो. वाघाची वाट नकाशावर हिरवी रेघ दिसते. जमिनीवर ती कोणाचे तरी धानाचे शेत असते, कोणाची तेंदूपत्त्याची जागा, कोणाचा शाळेचा रस्ता. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत दरवर्षी माणसे मरतात. सकाळी मोहफुले वेचायला वाकलेली बाई, गुरे घेऊन गेलेला म्हातारा, शेताला पाणी द्यायला रात्री गेलेला शेतकरी. पांढरकवड्याच्या परिसरात 'अवनी' वाघिणीने तेरा जणांचा जीव घेतल्याचे सांगितले गेले आणि नोव्हेंबर 2018 मध्ये तिला गोळी घालण्यात आली. पुण्या-मुंबईत मेणबत्त्या लागल्या त्या वाघिणीसाठी. त्या गावांतल्या तेरा घरांची नावे कोणाला आठवतात?

जो माणूस कॉरिडॉर वाचवा म्हणतो आणि या प्रश्नाला बगल देतो, त्याच्यावर गावाने विश्वास ठेवू नये. वाघाच्या जनुकांची विविधता ही साऱ्या देशाची ठेव असेल, तर तिचा खर्च एकट्या सिंदेवाहीच्या मजुराने का भरायचा? माणूस गेला तर राज्य सरकार आता 25 लाख रुपये देते. ती रक्कम मिळायला हवीच, पण ती मेल्यानंतरची गोष्ट झाली. जगण्यासाठी काय?

शेतीपंपाला वीज अनेक ठिकाणी रात्री मिळते. वाघाच्या वाटेवरच्या गावांत निदान दिवसा वीज द्या, म्हणजे शेतकऱ्याला अंधारात बांधावर जावे लागणार नाही. रानडुक्कर आणि रोही पीक खातात म्हणून तो कुंपणात चोरून वीज सोडतो आणि श्रीनिवाससारखा वाघ त्यात मरतो. जीव न घेणारे सौर कुंपण वेळेवर आणि खेटे न घालता मिळाले, तर त्याला तो गुन्हा करावा लागणार नाही. गॅस सिलिंडर परवडेल इतका स्वस्त ठेवा, म्हणजे सरपणासाठी बाई जंगलात जाणार नाही. गुरे मारली गेली तर भरपाई आठवड्यात द्या, सहा महिन्यांनी नको. घरात संडास असणे हासुद्धा इथे वन्यजीव संवर्धनाचा भाग आहे. या सगळ्या गोष्टी महावितरणच्या, महसूल खात्याच्या, पुरवठा विभागाच्या आहेत. म्हणूनच वाट वाचवणे हे एकट्या वनखात्याला जमणारे काम नाही.

सह्याद्रीत तीच चूक नको

हे आज लिहिण्याचे तातडीचे कारण पश्चिम घाटात आहे. कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 मध्ये घोषित झाला. प्रकल्प होता, जंगल होते, वाघ मात्र नावापुरते. जे दिसले ते दक्षिणेकडून चालत आलेले नर. कर्नाटकातले काली, गोव्यातली म्हादई, मग तिलारी, राधानगरी आणि चांदोली अशी ती वाट आहे. मादी एवढ्या लांब सहसा येत नाही, म्हणून 2025च्या नोव्हेंबरात ताडोबातून पहिली वाघीण चांदोलीत आणली गेली. या निर्णयाला माझा पाठिंबा आहे. नागझिऱ्यातही 2023 मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या वाघिणी अशाच सोडल्या होत्या. रुग्ण अत्यवस्थ असेल तर सलाईन लावावेच लागते.

पण सलाईनवर कोणी आयुष्य काढत नाही. दक्षिणेची वाट बंद झाली, तर वीस-पंचवीस वर्षांनी चांदोलीतल्या वाघिणीची नातवंडे आपसातच सोयरीक करत असतील, आणि आपण सह्याद्रीचा सिमलीपाल केलेला असेल. त्या वाटेचे काय चालले आहे? जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यात एका कुटुंबातले चार वाघ विष घालून मारले गेले. त्याआधी गुरे मारली गेली होती. जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा, असा आदेश दिला. गोवा सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. विस्थापन होईल ही लोकांची भीती खोटी नाही, सरकारे आजवर जशी वागली आहेत ते पाहता ती योग्यच आहे. ती दूर करायची तर कोणाचे घर हलणार नाही, शेती आणि चराईचे हक्क कोणते राहतील, हे लेखी आणि ग्रामसभेसमोर सांगावे लागेल. तेवढे न करता कोर्टात वेळ काढला, तर वाट आपोआप बंद होईल आणि कोणावर ठपकाही येणार नाही.

पुढच्या गणनेचा आकडाही बहुधा वाढलेलाच असेल. त्या दिवशी पत्रकार मित्रांनी मंत्र्यांना आणखी तीन प्रश्न विचारावेत, एवढीच विनंती आहे. गेल्या चार वर्षांत किती वाघ एका जंगलातून दुसऱ्यात गेले आणि तिथे त्यांची पिल्ले झाली? या काळात वाघाच्या वाटेवर किती रस्ते, खाणी आणि रेल्वेमार्ग मंजूर झाले, आणि त्यांतल्या कितींखालून वाट ठेवली? आणि या वाटेवरच्या किती गावांत शेतीपंपाला दिवसा वीज मिळते? या तीन आकड्यांशिवाय पहिला आकडा मला तरी अपुरा वाटतो.